सहलीत माघारीचा निर्णय कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्याजवळून खराब हवामानामुळे परतल्या. मे २०१८ मध्ये त्यांनी तेच शिखर सर केले. यशाचे कौतुक झालेच; शाळांनी त्या माघारीचाही धडा गिरवायला हवा.

माघारीची वेळ शाळेच्या सहलीतही येऊ शकते. शहराजवळचाच देवगिरी किल्ला घ्या. खंदक ओलांडला की अंधारी लागते: वळणावळणाच्या पायऱ्या, वटवाघळे, मिट्ट काळोख. इथे आरडाओरडा सुरू झाला की पुढच्याची सूचना मागे पोचत नाही. घाबरलेले मूल गप्प राहते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

बहुतेक सहलींत शिक्षक हुकूम देतात, मुले रांग धरतात. अशाने नेतृत्व कसे घडणार?

दहा-बारा मुलांचा गट करावा. एकाने पुढे चालावे, एकाने पिछाडी सांभाळावी, एकाने वेळ आणि पाणी पाहावे. वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. मिळालेली सूचना प्रत्येकाने मोठ्याने म्हणून मागे द्यावी. जबाबदाऱ्या तासातासाला बदलाव्यात, म्हणजे बोलकी मुलेच कायम पुढे राहणार नाहीत. ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्याला हसायचे नाही, हे निघण्याआधीच ठरावे.

राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. त्यामुळे आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम यांना चौकट मिळाली. गटातला संवाद मात्र शाळेलाच घडवावा लागेल. हिवाळी सहलींआधी एक तास या तयारीसाठी राखावा. परतल्यावर मुलांना विचारावे: निर्णय कोणी घेतले, आणि कोणाचे ऐकायचे राहून गेले?