खापर कोणाच्या माथी?

तीन वर्षांचे मूल बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, खेळण्यातल्या गाडीचे चाकच तासन् तास फिरवीत बसते, असे दिसले की परप्रांतातील मराठी घरात न्यायनिवाडा सुरू होतो. गावाकडची मंडळी बदल्यांना दोष देतात. घरी मराठी, शाळेत हिंदी, शेजारी तमिळ, मग पोर बावरणार नाही तर काय! शेवटी खापर फुटते ते आईच्या माथी. हा निवाडा साफ खोटा आहे.

स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरून केले. ती जन्मजात असावी असेच त्यांनी तेव्हा म्हटले. पुढे मात्र त्यांच्याच लेखणीने आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवले, आणि ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्या आरोपाचा ग्रंथ रचला. १९७७ साली सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली. भिन्न बीजांच्या १० जोड्यांत एकीतही नाही. प्रत्येक जोडीला घर एक, आई एक. मग हा फरक कोठून आला? २०१९ साली पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के ठरला.

उरलेला वाटा परिस्थितीचाच ना, असे कोणी विचारील. होय, परंतु शास्त्रातील परिस्थिती म्हणजे आईची माया नव्हे. गर्भारपणी झालेला रुबेला, आईबापांचे वाढलेले वय, अपुऱ्या दिवसांचा जन्म, अशा त्या गोष्टी. बहुतेक मुलाच्या पहिल्या श्वासापूर्वीच्या. दोन-तीन भाषा कानी पडल्याने स्वमग्नता येत नाही. म्हणून ‘मुलाशी मराठी बोलणे बंद करा’ हा उपदेश निराधार तर आहेच, शिवाय तो मुलाची आजीशी असलेली वाटही तोडतो.

बदलीने स्वमग्नता येत नाही. पण मोठ्या कष्टाने मिळालेला शिक्षक दर तीन वर्षांनी सोडावा लागणे, हे मात्र मुलाचे खरे नुकसान होय. अपंग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास नित्याच्या बदलीतून सूट देण्याची तरतूद २०१४ पासून आहे, आणि २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेची स्पष्ट नोंद आहे. इतरांच्या अर्जांवर शेरे मारण्यात ज्यांची हयात जाते, त्यांनी स्वतःच्या मुलासाठी एक अर्ज लिहिण्यास लाजावे कशाला? लाज वाटावी ती आईची चौकशी मांडणाऱ्यांना.