पुटिकांचे विज्ञान आणि वैद्याचे उत्तरदायित्व

पौरुष ग्रंथीच्या कर्करोगासंबंधी आधुनिक वैद्यकात जे नवे संशोधन चालू आहे, त्यात ‘पेशीबाह्य पुटिका’ हा विषय अग्रभागी आहे. ‘एक्झोसोम’ हा त्यांतीलच एक प्रकार. त्वचेच्या व केसांच्या उपचारांत या नावाची उत्पादने बाजारात आलीच आहेत. उद्या ती आपल्या औषधालयांच्या फळीवरही येऊ पाहतील. तेव्हा या विज्ञानाकडे वैद्यवर्गाने व औषधनिर्मात्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार आताच करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आवरणाचा अंश घेऊन सूक्ष्म पुटिका बाहेर सोडते. एक्झोसोमचा आकार साधारण 30 ते 150 नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या पुटिकांत प्रथिने, स्निग्ध द्रव्ये आणि आरएनए असतात व त्या एका पेशीचा संदेश दुसरीस पोहोचवितात. पौरुष ग्रंथीशी त्यांचा संबंध जुना आहे. स्वीडनमधील उप्साला येथे गुन्नार रोनक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात वीर्यामध्ये या ग्रंथीतून आलेल्या पुटिका ओळखल्या. पुढे त्यांस ‘प्रोस्टासोम’ हे नाव मिळाले. आपल्याकडे पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेतही अस्थिमज्जेतील पेशींच्या पुटिकांवर काम झाले आहे.

या ज्ञानाचा सर्वांत पुढे गेलेला उपयोग निदानात आहे. मूत्रातील पुटिकांमधील आरएनए तपासून, पीएसए किंचित वाढलेल्या रुग्णास बायोप्सीची निकड कितपत आहे, याचा अंदाज देणारी चाचणी अमेरिकेत उपलब्ध आहे. दुसरा उपयोग औषधाचा गुण येईल की नाही हे जाणण्याचा. डोसिटॅक्सेलला न जुमानणाऱ्या कर्कपेशींच्या पुटिका तो प्रतिरोध इतर पेशींनाही देतात, असे डब्लिन येथील संशोधकांनी 2012 साली प्रयोगशाळेत दाखविले. तिसरा उपयोग पुटिकांतून औषध थेट गाठीपर्यंत नेण्याचा. तो अद्याप संशोधनाच्याच पायरीवर आहे. अमेरिकेच्या एफडीएने एकाही एक्झोसोम औषधाला मान्यता दिलेली नाही. उलट, नेब्रास्का राज्यातील काही रुग्णांना अशा उत्पादनांमुळे गंभीर अपाय झाल्यावर डिसेंबर 2019 मध्ये जनतेला सावधगिरीचा इशारा दिला.

येथे आपल्या व्यवसायबंधूंना एक मोह होणे स्वाभाविक आहे. वनस्पतींतही पुटिकासदृश कण असतात. आल्यापासून मिळविलेल्या अशा कणांनी उंदरांच्या आतड्यांतील दाह कमी झाल्याचे 2016 साली प्रसिद्ध झाले. मग स्वरस ही पंचविध कषाय कल्पनांतील पहिली कल्पना असल्याने ‘आमच्या स्वरसात एक्झोसोम आहेतच’ असे म्हणावयास कितीसा वेळ लागतो? परंतु उंदराच्या आतड्यापासून मनुष्याच्या पौरुष ग्रंथीपर्यंतचे अंतर केवळ घोषवाक्याने कापले जात नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही प्रमाणे मानणाऱ्या शास्त्राने प्रत्यक्षाला बगल देणे शोभत नाही. कायद्यानेही ते चालणार नाही. 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात कर्करोग आणि पौरुष ग्रंथीचे विकार, दोन्ही नमूद आहेत. त्यांवर गुणकारी म्हणून औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, हे औषधनिर्मात्यांनी विसरू नये.

आता आमच्या विसरवाडीकडे वळू. धुळे-सुरत महामार्गावरील, कोंडाईबारी घाटापलीकडच्या या गावी व भोवतालच्या पाड्यांत नवापूर तालुक्यातील वृद्ध शेतकरी प्रथम येतो तो बहुधा वैद्याकडेच. लघवी अडते म्हणतो. आपण मूत्राघात, वाताष्ठीला असा विचार करून चंद्रप्रभा, गोक्षुरादी गुग्गुळ देतो. बरेचदा विकार साध्या ग्रंथिवृद्धीचा असतो व रुग्णास बरे वाटते. परंतु कर्करोगाची सुरुवातही अशीच असू शकते, किंवा प्रारंभी काहीच लक्षण नसते. तो हाडांत, विशेषतः कण्यात पसरला की कंबर दुखते, आणि आपण कटिशूल समजून तैल व बस्ती योजतो. ज्या महिन्यांत निदान व्हावयाचे, ते महिने असे निघून जातात. पुटिकांची चाचणी या रुग्णापर्यंत कधी पोहोचेल ते पोहोचो. पीएसएची साधी रक्ततपासणी मात्र त्याला आजच सांगता येते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषास मूत्रविकार असल्यास प्रथम भेटीतच पीएसए तपासणीचा सल्ला द्यावा. कुटुंबात हा रोग असल्यास अधिक लवकर द्यावा. मूत्रात रक्त, रात्री न थांबणारे कंबरेचे दुखणे, अकारण वजन घटणे दिसल्यास विलंब न करता धुळे, सुरत वा मुंबईकडे पाठवावे. पायांतील बळ अचानक गेल्यास तर त्याच दिवशी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा अंतर्भाव आहे, हेही रुग्णास सांगावे. पैशाच्या धास्तीने घरी बसणारे पुष्कळ असतात. औषधालयांनी ‘एक्झोसोम’ या नावाचा माल, त्यामागे मनुष्यांवरील परीक्षणाचा आधार असल्याखेरीज, ठेवू नये. आणि ज्यांना स्वरसातील कणांबद्दल खरीच जिज्ञासा आहे, त्यांनी एखाद्या प्रयोगशाळेचे दार ठोठवावे. तेथे आयुर्वेदाला करण्याजोगे काम पुष्कळ आहे.

योग्य वेळी पाठविलेला रुग्ण हातचा गेला असे मानण्याचे कारण नाही. बल, अग्नी व मन सांभाळण्यासाठी तो परत आपल्याकडेच येतो, आणि त्या वेळी त्याचा विश्वास दृढ झालेला असतो.