आवाजावर नको, ब्रेकवर खर्च करा

सोयाबीन बाजारात गेलं की हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात मोटारसायकलींच्या व्यवहारांना जोर येतो. साखऱ्यासारख्या गावातून वाळूजला, चाकणला, पुण्याला कामाला गेलेली पोरं दिवाळीला येतात, आणि त्यांच्यासोबत कधी एमएच १२, कधी एमएच १४ पासिंगची एखादी जुनी पल्सर २२०, करिझ्मा किंवा डोमिनारही गावात येते. चार दिवसांत तिच्यावर पहिला खर्च होतो, आणि तो बहुतेक वेळा सायलेन्सरवर होतो. मला हे बघवत नाही. गाडी निवडताना त्या पोराने अक्कल वापरलेली असते. पैसा मात्र चुकीच्या जागी जातो.

गाडीची निवड बरोबर का, ते आधी सांगतो. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला अंतरं चुकत नाहीत. कॉलेज, दवाखाना, नोकरी, नातेवाईक यांसाठी नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर गाठावंच लागतं. जवळच्या वाशीम आणि बुलडाणा जिल्ह्यांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला, जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुलाही झाला, पण दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. म्हणजे आपल्या स्वाराच्या वाट्याला जिंतूर-मंठा-जालन्याचा जुना रस्ता, नाहीतर अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड करत तेलंगणात जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. तिथे ट्रकच्या मागे अडकलेल्या शंभर सीसीच्या गाडीवर दोन माणसं आणि सामान असेल तर ओव्हरटेक करायला ताकदच उरत नाही. वाऱ्याला आडोसा देणारी काच, मोठी टाकी, लांब पल्ल्याला मानवेल अशी बैठक आणि हाताशी राखीव ताकद असलेली गाडी इथे चैन ठरत नाही. स्पोर्ट टूरिंग म्हणतात ती हीच.

नवी घेणं मात्र सगळ्यांना झेपत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, पण त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. ३७३ सीसीची डोमिनार ४०० या दुसऱ्या गटात मोडते. त्यामुळे चांगली राखलेली जुनी गाडी हा शेतकरी घरातल्या तरुणासाठी शहाणपणाचा पर्याय आहे.

आपल्याकडे फिरणाऱ्या तीन गाड्यांबद्दल थोडं. करिझ्मा आली २००३ मध्ये, हिरो होंडाच्या काळात. २२३ सीसीचं शांत, टिकाऊ इंजिन. पण मूळ गाडीला मागे ड्रम ब्रेक. २००९ च्या झेडएमआरला फ्युएल इंजेक्शन आणि मागे डिस्क मिळाली. पल्सर २२० आधी २००७ मध्ये इंजेक्शनसह आली, २००९ मध्ये कार्बोरेटरवर आली आणि तीच गावोगाव पोहोचली. तिचे दोन्ही डिस्क ब्रेक आणि प्रोजेक्टर दिवा आजही कामाचे आहेत. डोमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली. या वर्गातली खरी लांब पल्ल्याची गाडी म्हणून मी तिचंच नाव घेईन. पण सुरुवातीला ती एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या प्रकारातही विकली गेली, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. बजेट बसत असेल तर त्यानंतरचीच गाडी बघा. ओल्या रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेल्या काळ्या चिखलावर पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळ मिळत नाही.

आता कागद. गाडी बघायच्या आधी परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाका. नोंदणीची तारीख, विमा, फायनान्सचा बोजा तिथे दिसतो. ई-चलानची थकबाकीही ऑनलाइन कळते. आरसीवरचा चासी नंबर हँडलच्या मानेवर कोरलेल्या नंबरशी ताडून बघा, इंजिन नंबरही बघा. हप्ते फिटले असतील तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घ्या. बोजा कागदावर राहिला तर उद्या गाडी तुमच्या नावावर होणार नाही.

आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक होते ती इथून पुढे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या, मालकी बदलाचे हे कागद कपाटात ठेवायचे आणि गाडी पहिल्या मालकाच्याच नावावर वर्षानुवर्षं पळवायची, ही सवय घातक आहे. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं: गाडी कितीही हातांतून फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. म्हणून ही गोष्ट विकणाऱ्या दादाने जास्त मनावर घ्यावी. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

पुण्या-मुंबईची गाडी हिंगोलीत आणली तर नंबर तोच राहतो आणि कर पुन्हा भरावा लागत नाही. हैदराबाद आपल्याला जवळ आणि तिथली गाडी कधी स्वस्तही मिळते, पण तेलंगणातून आणायची तर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा एमएच ३८ नंबर हे सगळं आलं. हा खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त की महाग ते ठरवा. आणि १५ वर्षं उलटलेली करिझ्मा घेत असाल तर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर धरून चाला.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. थंड इंजिन कसं उठतं यावर गाडीचं अर्धं आरोग्य कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. टायमिंग चेनचा खडखडाट ऐका. मेनस्टँड असेल तर त्यावर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडखळलं तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपवर ऑइलचा ओघळ, डिस्कच्या कडेला उभी राहिलेली धार, स्प्रॉकेटचे टोकदार झालेले दात बघा. मीटर मागे फिरवता येतं. पण फूटरेस्टचं झिजलेलं रबर आणि गुळगुळीत झालेली ब्रेकची दांडी खरं सांगून जातात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं टायर कडक झालेलं असतं, त्याच्यावर लांबचा प्रवास करू नका.

आणखी एक नवी काळजी पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या उसाला त्यातून भाव मिळावा हे मलाही हवंय. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचे पाइप आणि रबरी वायसर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. अशा गाडीचे पेट्रोलचे पाइप बदलून घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

मग सजावट. किमतीच्या पाचव्या हिश्शाइतका पैसा आधीच बाजूला काढून ठेवा, आणि तो या क्रमाने खर्च करा: टायर, ब्रेकचे पॅड आणि ब्रेक ऑइल, चेन किट, कोनसेट, बॅटरी. याला मी गाडी आपली करून घेणं म्हणतो. इतरांना यातलं काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, पण रात्री रोही आडवा आला की जीव यावरच टिकतो.

त्यानंतर उजेड. उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी गतिरोधकांना पांढरा पट्टाच नसतो. पिवळी पडलेली हेडलाइटची काच घासून घ्या, दिव्याचा कोन नीट बसवा, गरज पडली तर कमी वॅटचे जादा दिवे फ्यूज आणि रिले टाकून, खाली झुकवून लावा. साध्या हेडलाइटमध्ये कोंबलेला भगभगीत एलईडी बल्ब समोरच्याला आंधळं करतो, आणि तो समोरचा आपल्याच गावचा असतो.

पुढे शरीराची सोय. पल्सर २२० चं खाली झुकलेलं हँडल तासाभराने मनगटावर येतं. आणखी पुढे झुकवण्यापेक्षा शेजारच्या मिस्त्रीकडून सीटचा फोम घट्ट आणि रुंद करून घ्या. थोडी उंच काच छातीवरचा वारा अडवते. सामानाच्या बॅगा शक्य तेवढ्या खाली आणि पुढे बांधा. शेपटीला जड डबा लावला तर पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल डुलायला लागतं. मागचा मडफ्लॅप, ट्यूबलेस पंक्चर किट, रेडियमच्या पट्ट्या, मोबाइल चार्जिंग एवढं झालं की गाडी कन्याकुमारीपर्यंत जायला तयार आहे. बजाजनेही २०२१ मध्ये डोमिनारला उंच काच, हँडगार्ड, इंजिनाखालचं पत्र्याचं कवच आणि कॅरियर कारखान्यातूनच बसवून दिलं. स्वारांना काय लागतं ते कंपनीलाही कळलं होतं.

आता काढून टाकण्याबद्दल बोलतो, आणि इथे मला राग येतो. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून साडीगार्ड, मागची धरायची दांडी आणि आरसे सगळ्यात आधी उतरवले जातात. मागे बसणारी माणसं कोण? आई, बहीण, बायको, बाजाराला जाणारी मावशी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं आवरण सक्तीचं करतो, ते कपडा चाकात अडकू नये म्हणूनच. पदर, ओढणी चाकात गेल्याने बायका रस्त्यावर आपटतात हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. देखण्या शेपटीसाठी ही किंमत कोणी मोजू नये.

सायलेन्सरचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाच्या प्रदूषणासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद वेगळी. पण दंड नसता तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. गावात दहावीचा अभ्यास करणारी पोरं असतात, आजारी माणसं असतात. त्यांच्या झोपेवर आपली हौस भागवू नये.

माझी एक मागणी सरकारकडेही आहे. आज पोरांना काच चालते का, जादा दिवे चालतात का, कॅरियर चालतो का, हे नेमकं कोणी सांगत नाही. म्हणून कोणी सगळंच घाबरून टाळतो आणि कोणी सगळंच बिनधास्त करतो. हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, सेनगावच्या पोलीस ठाण्यात आणि प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर काय चालतं आणि काय नाही याची साध्या मराठीत एक पानाची यादी लागली पाहिजे. सोबत आपल्या मिस्त्रींना इंजेक्शन आणि एबीएस दुरुस्तीचं प्रशिक्षण आयटीआयमधून मिळालं पाहिजे. प्रदूषणाचे बीएस-६ निकष आल्यापासून जवळपास प्रत्येक नवी गाडी इंजेक्शनची आहे. आजच्या नव्या गाड्या पाच वर्षांनी जुन्या म्हणून आपल्याच गावात येणार आहेत, आणि तेव्हा सेन्सर तपासायला नांदेड गाठावं लागू नये.

या दिवाळीत जुनी गाडी घेणाऱ्या साखऱ्याच्या प्रत्येक भावाला माझं एवढंच सांगणं आहे: पहिल्या आठवड्यात गाडी नावावर करा, दुसऱ्या आठवड्यात टायर आणि ब्रेक करा, स्वतःसाठी आणि मागच्यासाठी आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्या. त्यानंतर उरलेल्या पैशातून पेट्रोल भरा आणि देश बघा.