पुण्यांत उतरावें कोठें?

दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं आपल्या कोरेगांव तालुक्यांत घरोघर एकच लगबग सुरू होते. कोणी आल्याच्या पिकावर उचल घेतो, कोणी सोसायटीच्या सेक्रेटरीला गांठतो, कोणाची आई गळ्यांतला डाग मोडते. दाखले, मार्कलिस्ट, फोटो पिशवींत भरून बाप-लेक साताऱ्याहून स्वारगेटची एस.टी. धरतात. फीचा हिशेब झालेला असतो, कॉलेजचें नांव पाठ असतें, पण "मुक्काम कोठें करणार?" असें विचारलें, कीं दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. "बघूं, कोणीतरी असेल कीं!" हेंच आमचें ठरलेलें उत्तर. माझें म्हणणें असें, कीं जो प्रश्न आपण शेवटीं विचारतों तोच पहिला विचारला पाहिजे. अभ्यास झेपत असूनही, राहण्याची सोय लागली नाहीं म्हणून परत आलेलीं पोरें मीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

पुण्याला विद्येचें माहेरघर म्हणतात. लेक माहेरीं निघाली म्हणजे "तेथें उतरूं कोठें?" असें कधीं विचारते काय? आपल्याला विचारावें लागतें. तेव्हां हें माहेर अद्याप कोणाचें आहे, हें ज्याचें त्यानें ओळखावें.

हा प्रश्न आजचा नाहीं. १९०१ सालच्या सुमारास लहानगा भीमराव आंबेडकर भावाभाच्यांसह साताऱ्याहून आगगाडीनें निघाला. वडील खटाव तालुक्यांत तलावाच्या दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांच्याकडे जायचें होतें. आपलें कोरेगांव स्टेशन मागें टाकून तीं पोरें मसूरला उतरलीं. जात कळतांच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडें कबूल केल्यावर गाडी मिळाली, पण ती पोरांनींच हांकायची, असें ठरलें. रात्र टोलनाक्यापाशीं काढली. भाकरी जवळ होती, पण पाणी कोणी दिलें नाहीं, म्हणून तीं उपाशींच झोंपलीं. पुढें तोच मुलगा अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिकून १९१७ सालीं बडोदें सरकारच्या नोकरींत रुजू झाला. एवढा विद्वान, पण त्याला खोली मिळेना. पारशांच्या विश्रामगृहांत पारशी नांव सांगून राहावें लागलें, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनीं तेथूनही बाहेर काढलें. बाबासाहेबांनीं ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. ती वाचून एवढें ध्यानांत घ्यावें, कीं पदवी मिळाली म्हणजे छप्पर आपोआप मिळतें, असें नाहीं.

हें वर्म प्रथम कोणीं ओळखलें असेल तर तें शाहू छत्रपतींनीं. १८९६ सालीं कोल्हापुरांत सर्वांसाठीं म्हणून वसतिगृह निघालें. पण त्यांत भरणा एकाच वर्गाचा झाला. महाराजांनीं त्यावरून धडा घेतला. शाळा काढून भागत नाहीं, खेड्यांतल्या पोराला शाळेजवळ झोंपायला जागा व वेळेला भाकरी मिळाली पाहिजे, हें जाणून त्यांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलें, व त्यामागून निरनिराळ्या जातींचीं बोर्डिंगें काढविलीं. त्या काळीं एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते, म्हणून बोर्डिंगें जातवार झालीं. हा काळाचा दोष होता.

पुढचें पाऊल आपल्या जिल्ह्यानें टाकलें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग सुरू केलें. त्यांत महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशीं सगळीं पोरें एके ठिकाणीं राहात व एका पंगतीस जेवत. पोरांच्या पोटाला धान्य नव्हतें तेव्हां लक्ष्मीबाई वहिनींनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां दिलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या बोर्डिंगाला शाहू छत्रपतींचें नांव मिळालें. पुढें १९३२ सालच्या पुणें कराराची आठवण म्हणून भाऊरावांनीं खुद्द पुण्यांत युनियन बोर्डिंग हाऊस काढलें. म्हणजे 'पुण्यांत उतरावें कोठें' या प्रश्नाचें उत्तर आपल्या माणसांनीं एकदां देऊन ठेवलें आहे. विसरलों तें आपण.

कोणी म्हणेल, मास्तर, हा जुना काळ झाला. १९५० सालच्या राज्यघटनेनें अस्पृश्यता मोडली. कायद्यानें मोडली, हें खरेंच. पण मीं पाहिलेलें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यासाठीं खोली पाहायला मी त्याच्या बापाबरोबर पुण्यास गेलों होतों. एका घरमालकीणबाईंनीं खोली दाखविली, भाडें सांगितलें, पाण्याची वेळही सांगितली. मग विचारलें, "आडनांव काय म्हणालांत?" पोरानें आडनांव सांगितलें. बाई आंत जाऊन आल्या व म्हणाल्या, "अहो, ही खोली आमच्या भाचीनें धरून ठेवली आहे, मला ठाऊकच नव्हतें." जिना उतरतांना पोराचा बाप म्हणाला, "मास्तर, ह्या शहरांत दहा वर्षें गवंडीकाम केलं. भिंत बांधताना आडनांव कुणी विचारलं नव्हतं."

सगळें पुणें असें नाहीं. शिवाय दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्याही दाराकडे पाहावें. आपल्या गांवांत बदलून आलेल्या शिक्षकाला, नर्सबाईला खोली देतांना आपण प्रथम काय विचारतों? जो उंबरा आपल्याला पुण्यांत लागतो, तोच आपण गांवांत दुसऱ्याच्या पायांत आडवा घालीत असूं, तर तक्रार करण्यास आपल्याला तोंड नाहीं.

आतां कामाच्या चार गोष्टी.

एक-दोन दिवसांचें काम असेल तर हडपसरला, कात्रजला असलेल्या पाहुण्याकडे खुशाल उतरावें. जातांना वाघ्या घेवड्याची पिशवी न्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं निघावें. त्याचा संसार दोन खोल्यांचा असतो व पगार बेताचा असतो. तीन आठवडे पोर त्याच्याकडे ठेवणें म्हणजे नातें तोडणें. पाहुणा नसेल तर लॉजवर उतरण्यांत कमीपणा नाहीं. भाडें आधीं ठरवावें, दिवस किती वाजतां मोजतात तें विचारावें, पावती घ्यावी. स्टँडवर हाताला धरून नेणाऱ्याच्या मागें जाऊं नये.

वर्षाचा मुक्काम असेल तर कॉलेजच्या अर्जाबरोबरच वसतिगृहाचाही अर्ज करावा. नंतर धांवून उपयोग नाहीं. समाजकल्याण खात्याचीं सरकारी वसतिगृहें आहेत. तेथें जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं स्वाधार योजना आहे. तींतून पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अल्पभूधारकांच्या व मजुरांच्या मुलांसाठीं पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचा निर्वाहभत्ता आहे. अर्ज कोठें व केव्हां करायचा, हें शाळेच्या मास्तराला विचारा. त्याला ठाऊक नसेल तर त्यानें शोधून सांगावें, तें त्याचें कर्तव्यच आहे. १९५५ सालीं डॉ. अच्युतराव आपटे यांनीं स्थापन केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांतून खेड्यांतलीं गरीब मुलें-मुली काम करून शिकतात. चांगलें काम कोणीही केलें तरी त्याला चांगलेंच म्हणावें.

खाजगी खोलींत एक खाट घेणार असाल तर तिच्या चादरीवर जाऊं नका. पाणी किती वेळ येतें, मोरी व संडास कसे आहेत, किती पोरांत एक आहेत, रात्रीं दिवा जाळूं देतात कीं नाहीं, हें पाहा. अनामत रकमेची लेखी पावती घ्या. मुलगी असेल तर आईला बरोबर न्या. बापाला जें दिसत नाहीं तें आईला दिसतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, जेवायच्या वेळेला जा व पंगत पाहा. जेथें सगळीं पोरें एका ओळींत बसून एकच भाकरी खातात, तें ठिकाण जुनें असलें, पत्र्याचें असलें, तरी निवडा. आडनांव लपवून मिळालेली चांगली खोली घेऊं नका. बाबासाहेबांना नांव लपवावें लागलें तें नाइलाजानें. तें करण्याची पाळी आपल्या पोरावर आपणच कां आणावी?

पुण्याचें विद्यापीठ १९४९ सालीं निघालें. २०१४ सालीं त्याला सावित्रीबाई फुल्यांचें नांव मिळालें. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यांतल्या नायगांवच्या, आणि जोतीरावांचें मूळ गांव शेजारच्या खटाव तालुक्यांतलें कटगुण. ह्याच जोतीरावांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठीं खुला केला, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें, कीं शेतकऱ्याच्या घामाच्या करांतून वरच्या वर्गाचें उच्च शिक्षण चालतें, शेतकऱ्याचा मुलगा मात्र कोरा राहतो. विद्यापीठाच्या वेशीवर नांव आमच्या जिल्ह्याच्या लेकीचें, आणि आमचीं लेकरें पिशवी घेऊन जिन्याखालीं उभीं! पोराला प्रवेशासाठीं नेतां, तेव्हां आधीं त्याला फुलेवाड्यांत न्या आणि तो हौद दाखवा. पुण्यांत दार बंद करणारे होते तसे हौद उघडणारेही होते, आणि उघडणारे आपले होते, हें त्याला कळलें म्हणजे तो मान खालीं घालून खोली मागणार नाहीं.

शेवटीं एक सूचना मांडतों. कोरेगांव तालुक्यानें पुण्यांत आपलें एक घर करावें. आधीं भाड्याच्या चार खोल्या, पुढें जमेल तसें स्वतःचें. भाऊरावांनीं मुठी-मुठीनें धान्य मागून बोर्डिंग चालविलें. आपण यात्रेच्या तमाशावर, शर्यतींवर, वाढदिवसाच्या फलकांवर वर्षाला किती उडवितों, तें प्रत्येक गांवानें आपलें आपण मोजावें. त्यांतला दहावा हिस्सा काढला तरी सुरुवात होते. त्या घरावर कोणत्याही जातीची पाटी नको. शाहू महाराजांना नाइलाजानें जातवार बोर्डिंगें काढावीं लागलीं. आज कोणी फक्त आपल्या जातीचें घर काढूं म्हणेल तर तो शाहूंच्या पुढें नव्हे, भाऊरावांच्या मागें गेला असें समजावें. कुणब्याचा, कुंभाराचा, महाराचा, रामोशाचा, मुलाण्याचा पोरगा एका चुलीवरचें खाईल, आणि परीक्षेला आलेल्या परगांवच्या पोरालाही दोन रात्री जागा मिळेल, असें तें घर व्हावें.

ह्या यात्रेपूर्वीं आपापल्या ग्रामसभेंत एवढा एक विषय काढा. पुढल्या जूनमध्यें स्वारगेटला उतरणाऱ्या पोराला कोणी विचारलें, "बाळ, उतरलास कोठें?" तर त्यानें न अडखळतां म्हणावें, "आमच्या घरीं."

— कोरेगांवकडचा एक शाळामास्तर