मेलबर्नचा विस्मृत वीर

पनवेलच्या शाळांतून क्रिकेटवीरांची नावे मुखोद्गत असतात. नेव्हिल डिसोझा हे नाव मात्र किती शिक्षकांना आठवेल? १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने फुटबॉलचा सामना ४-२ असा जिंकला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांचाच. ज्या गोव्यात ते जन्मले, तो मात्र तेव्हा भारतात नव्हता. तेथे पोर्तुगिजांची सत्ता होती!

स्वीडनच्या ग्रेन, नॉर्डाल व लीडहोम या त्रयीने १९४८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्याच वर्षी मिलानच्या धनाढ्य क्लबने त्यांना करारबद्ध केले. मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल यांना असे जग खुले नव्हते. पण स्वदेशाने तरी काय केले? अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. मेलबर्नच्या संघातील पी. के. बॅनर्जी यांना तो पहिल्याच वर्षी लाभला, आणि ते यथोचितच होते. नेव्हिल १९८० मध्ये निवर्तले, त्यांच्या वाट्याला तो कधीच आला नाही. सरकारने आता मरणोत्तर गौरवाचा विचार करावा. पनवेलहून निघणारा महामार्ग गोव्यालाच जातो. येथील महापालिकेनेही एखाद्या मैदानाला त्यांचे नाव द्यावे.