चित्रांना वऱ्हाडात घर हवे

आज १८ मे. १९७७ पासून हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो नेमका नवतपाच्या तोंडावर येतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे धावत असतो, अमरावतीचा राजकमल चौक भर दुपारी ओस पडतो आणि सुट्टी लागलेली लेकरे कूलरसमोर कोंडून बसतात. अशा दिवसांत कोणालाही फुकट जाऊन टेकता येईल, जिथे सावली असेल, माठातले पाणी असेल आणि भिंतीवर डोळे भरून पाहण्यासारखे काही असेल, अशी एक जागा दोन्ही शहरांनी आपल्या माणसांना दिली पाहिजे. कलादालन ही चैन नव्हे. वाचनालय आणि व्यायामशाळेइतकीच ती गावाची गरज आहे.

कलादालन म्हटले की मराठी माणसाला मुंबईची जहांगीर आठवते. १९५२ साली काळा घोड्याजवळ ती उघडली आणि आत जायला तिकीट नाही, म्हणून कितीतरी पिढ्यांनी चित्र पाहणे तिथे शिकून घेतले. तिथे आपले प्रदर्शन लागावे हे प्रत्येक चित्रकाराचे स्वप्न असते आणि त्यासाठी तो वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहतो. नंबर लागला की वऱ्हाडचा चित्रकार फ्रेमा गोणपाटात शिवून रात्रीच्या गाडीने निघतो. आठवडाभर चित्रे भिंतीवर राहतात आणि मग त्याच गोणपाटात परत येतात. त्याच्या गल्लीतल्या शेजाऱ्याने ती पाहिलेली नसतात, ज्या शाळेत तो शिकला तिथल्या मुलांनीही नाहीत. ही गोष्ट आम्हाला फार लागते.

मोठे शहर असल्याशिवाय हे जमत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन यावे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. जमवलेली चित्रे त्यांनी राजवाड्यात ठेवली नाहीत. यमाईच्या डोंगराच्या उतारावर इमारत बांधून १९३८ मध्ये त्यांनी भवानी चित्रसंग्रहालय उभे केले. देवीला जाणारा शेतकरी येताजाता राजा रविवर्म्याची चित्रे पाहतो आणि ‘आई आणि मूल’ या हेन्री मूरच्या दगडी शिल्पासमोरही उभा राहतो. याच राजाने १९३९ साली आपल्या संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती सोपवला. सत्ता आणि चित्रे या दोन्ही गोष्टी लोकांच्याच आहेत, असे मानणारा तो माणूस होता. औंधसारख्या छोट्या गावात जे झाले, ते दोन महानगरपालिकांना का जमू नये? अमरावतीची महानगरपालिका १९८३ची, अकोल्याची २००१ची. वय कमी आहे असेही म्हणता येत नाही.

आणि वऱ्हाडाला चित्रांचे वावडे कधीच नव्हते. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, राज्य करीत होती. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून दान दिले. तसा लेखच तिथे कोरलेला आहे. जगातून माणसे जी चित्रे पाहायला येतात, त्यांच्यामागे आपल्या मातीतले दातृत्व उभे आहे. मेळघाटातले कोरकू गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरत आले. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावर दगडात कोरलेली अक्षरे पाहिली की अक्षर हेही चित्र असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. श्रावणात देवघराशी चिकटणारा जिवतीचा कागद आणि पोळ्याला रंगणारी बैलाची शिंगे तर घरोघरची. हे सगळे एका छताखाली, आजच्या चित्रकारांच्या कामाशेजारी पाहायला मिळावे, एवढीच आमची मागणी आहे.

या जागेची खरी निकड आहे ती मुलांना. दरवर्षी हजारो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर देतात. स्टुलावर ठेवलेला तांब्या आणि दोन वांगी यांची छाया जीव तोडून रंगवतात, ग्रेड मिळवतात. पण त्यातल्या बहुतेकांनी मोठ्या चित्रकाराच्या हातचे मूळ चित्र एकदाही समोरून पाहिलेले नसते. चित्र म्हणजे पुस्तकात किंवा मोबाइलवर दिसते ते, एवढीच त्यांची ओळख. एका शाळेच्या सभागृहात लागलेल्या प्रदर्शनात सातवीतली एक मुलगी जलरंगातल्या नदीच्या चित्राला अगदी नाक लावून उभी होती. रंगाखालची पेन्सिलीची रेघ तिला दिसली. ती सरांकडे वळून म्हणाली, “पेन्सिल पुसलीच नाही जी त्यायनं!” त्यानंतर कितीतरी वेळ ती पाणी वाळून रंगाने कुठे कडा धरली आहे ते बोटाने हवेत गिरवत होती. छापील चित्रात ती रेघ नसते आणि ती कडाही नसते. चुकलेल्या रेघेवरून मोठा माणूस पुढे जातो, हे त्या पोरीला त्या दिवशी कळले.

म्हणून नुसती इमारत बांधून फीत कापल्याने भागणार नाही. छपराला पत्रा असेल तर आपल्या उन्हात तैलरंग तडकतात, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, ट्यूबलाइट काचेवर चमकली की चित्राऐवजी पाहणाऱ्याचा चेहरा दिसतो. या गोष्टी बांधण्याआधीच चित्रकारांना विचारून ठरवायला हव्यात. दारावर ओरडणारा पहारेकरी नको, चार शब्द बोलणारा माणूस हवा. उन्हाळ्यात दालन सकाळी आणि सायंकाळी उघडे असावे. चिखलदरा-धारणीच्या आणि पातूर-तेल्हाऱ्याच्या जिल्हा परिषद शाळांची मुले वर्षातून एकदा तरी एसटीने इथे यावीत आणि त्या फेरीचा खर्च शाळेवर पडू नये. कोरकू कारागिराने इथे बसून फळी कोरावी आणि त्याला त्या दिवसाचा मोबदला सन्मानाने मिळावा.

दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी आणि महापालिका आयुक्तांनी जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्यासाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद करावी. वाचकांकडेही एक मागणे आहे. तुमच्या घरात माळ्यावर एखाद्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांची चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून पडली असतील, तर ती या सुट्टीत खाली काढा. धूळ झटका, ऊन आणि वाळवीपासून दूर ठेवा, मागे मास्तरांचे नाव आणि साल लिहा. दालन उघडेल तेव्हा पहिली भिंत त्यांचीच असली पाहिजे.