फुलांच्या दरीत जाताना मुक्काम कोठे करावा?

सहलीचे बेत ठरतात तेव्हा गाडीची तिकिटे आधी निघतात, आणि मुक्काम कोठे करायचा हा विचार शेवटी होतो. महाबळेश्वर किंवा माउंट अबू येथे त्यामुळे फारसे बिघडत नाही. एका हॉटेलात जागा नसली तर शेजारच्यात मिळते, आणि पाहण्याची ठिकाणे मोटारीच्या टप्प्यात असतात. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानाचे मात्र तसे नाही. तेथे मुक्कामाची जागा चुकली तर उद्यान पाहायचेच राहून जाते. हरिद्वारपर्यंत रेल्वेने, पुढे दोन दिवस मोटारीने जाऊन फुले न पाहताच परतलेली कुटुंबे थोडीथोडकी नाहीत, आणि बहुतेकांच्या बाबतीत दोष पावसाचा नव्हे तर आखणीचा असतो.

अडचणीचे मूळ उद्यानाच्या नियमात आहे. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्मिथ आणि त्याचे सोबती या दरीत उतरले आणि त्यांनी येथेच तंबू ठोकले. स्मिथ १९३७ मध्ये पुन्हा आला, कित्येक दिवस राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने दरीच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला मिळालेले हे भाग्य आता कोणाच्याही वाट्याला येत नाही. १९८२ मध्ये दरी राष्ट्रीय उद्यान झाली. त्यानंतर तेथील गुरेचराई थांबली, आणि आज कोणालाही आत रात्र काढता येत नाही. आत खाण्याचे दुकान नाही, निवाऱ्याची शेड नाही. सकाळी सातच्या सुमारास फाटक उघडते, दुपारनंतर नव्याने प्रवेश देत नाहीत, आणि संध्याकाळी पाचच्या आत सर्वांनी बाहेर यावे लागते. सुमारे ८७ चौरस किलोमीटरांचे हे उद्यान पाहायला माणसाला असे दिवसातले मोजके तासच मिळतात. त्यांतले किती तास प्रत्यक्ष फुलांत जातील आणि किती वाटेत, हे रात्रीच्या मुक्कामावर ठरते.

वाट अशी आहे. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. घाटरस्त्याने पूर्ण दिवस जातो. जोशीमठपासून बद्रीनाथच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरांवर गोविंदघाट लागते. तेथून जीपने चार किलोमीटर पुलना, आणि तेथे मोटाररस्ता संपतो. पुढे नऊ-दहा किलोमीटर पायी किंवा खेचरावर, जवळजवळ हजार मीटरांचा चढ चढून घांघरिया. घांघरियाहून आणखी तीन-चार किलोमीटर चढल्यावर फुलांची दरी उघडते.

आता सहा जणांचे एक कुटुंब समजा: पंचाहत्तरीच्या आजी, साठीचे पती-पत्नी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. मुलाला जोशीमठची खोली पसंत आहे. तेथे गरम पाणी आहे, लिफ्ट आहे, छायाचित्रांत बाल्कनीतून हिमशिखरे दिसतात. पहाटे पाचला निघून दरी पाहून रात्री परत यावे, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात गोविंदघाटला पोहोचून, जीपची रांग लावून पुलन्याहून चालायला लागेपर्यंत सात वाजतात. घांघरियाचा चढ सरावाच्या माणसाला चार तासांचा आहे, नातीला आणि साठीच्या माणसाला सहा तासांचा. म्हणजे एक वाजला. दरीचे फाटक तोवर नव्या माणसाला बंद झालेले, आणि उघडे असते तरी आत जाऊन तेवढेच अंतर उतरून परतणे कोणाला शक्य होते? जमाखर्चाच्या वहीत हा व्यवहार मांडला तर खर्चाच्या बाजूला बारा तासांची पायपीट आणि जमेच्या बाजूला शून्य दिसेल. गोविंदघाटला राहिले तरी तासाभराचीच बचत होते. म्हणून दरी पाहायची असेल तर घांघरियाला मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नाही.

घांघरिया हे गाव म्हणावे असे नाही. देवदाराच्या गर्दीत, दोन ओढ्यांच्या संगमाजवळ, एका अरुंद फरसबंद गल्लीच्या दोन्ही अंगांना हॉटेले, धाबे, औषधांची व रेनकोटांची दुकाने आणि एक मोठा गुरुद्वारा एवढाच त्याचा पसारा. हिवाळ्यात ते बर्फाखाली जाते आणि माणसे खाली उतरतात. वीज बेभरवशाची, फोन लागला तर लागला. येथले गव्हाचे पीठ, गॅसची टाकी, पाण्याची बाटली, हॉटेलाच्या पलंगाचे फळकूटसुद्धा खेचराच्या पाठीवरून आलेले असते. व्यापारी माणसाला हे सांगायला नको, की वाहतूक अशी असली म्हणजे खालच्या वीस रुपयांच्या मालाला वर किती पडतात. तरीही खोलीचे भाडे आणि गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे पाहून कपाळाला आठ्या घालणारे प्रवासी तेथे रोज दिसतात. खोली कोंदट असेल, चादर ओलसर लागेल. पावसाळ्यात सगळ्या घांघरियातच कोरडे काही नसते. स्वतःची चादर, टॉर्च आणि रोख रक्कम जवळ असली म्हणजे निभावते.

खोल्यांची निवड करायची ती चकाकीवर नव्हे. गल्लीच्या वरच्या टोकाकडील खोली घेतली तर सकाळी फाटक जवळ पडते. खालच्या टोकाला खेचरांचा तळ असल्याने वास व घंटांचा आवाज असतो. गढवाल मंडळ विकास निगमचे विश्रामगृह आहे, खाजगी हॉटेले आहेत, हंगामात तंबूंच्या छावण्याही लागतात. गुरुद्वाऱ्यात कोणत्याही धर्माच्या माणसाला पथारी, घोंगड्या आणि लंगर मिळतो. जूनमध्ये हेमकुंडाच्या यात्रेकरूंनी तेथे पाय ठेवायला जागा नसते हे खरे, पण उशिरा पोहोचलेल्या, भिजलेल्या कुटुंबाला तो दरवाजा उघडा मिळतो. लंगरच्या डाळीत कांदा असेल तर ती नको म्हणता येते. बदलून मागणे शोभत नाही. हॉटेलात मात्र सकाळीच स्वयंपाक्याला सांगून ठेवले तर कांदा-लसणाशिवाय राजमा-भात किंवा साधे वरण सहज होते. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी पहाडी भाजी म्हणजे बहुधा बटाटा हे ध्यानात धरून खाकरे, मुगाचे पदार्थ बरोबर न्यावेत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना एक सोय आहे: जुलैत तेथे सात वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, आणि दरीतून पाचला बाहेर पडलेला माणूस सहापर्यंत खोलीवर येतो. जेवण साडेसहाला हवे, हे मात्र निघतानाच सांगावे लागते, कारण धाब्यांच्या चुली रात्रीच्या गर्दीसाठी उशिरा पेटतात.

किती रात्री राहावे? पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत दोन रात्री असतात. पहिल्या दिवशी चढणे, दुसऱ्या दिवशी दरी, तिसऱ्या दिवशी पहाटे हेमकुंड आणि लगेच खाली. कागदावर हे सुबक दिसते. परंतु फुलांचा खरा बहर मध्य-जुलै ते ऑगस्टअखेर, म्हणजे ऐन पावसात असतो. दुसऱ्या दिवशी दरीत धुके बसले तर समोरच्या हातभर अंतरावरची तेरड्याची गुलाबी झुडपे दिसतात, दरी दिसत नाही. तीन रात्री राहणाऱ्याला त्याच दरीत पुन्हा जाता येते. शिवाय पहिल्यांदा गेलेला माणूस बहुधा पहिल्या मोठ्या कुरणावरच रेंगाळतो आणि तेथूनच परततो. त्यापुढे, पुष्पावतीच्या काठाकाठाने, जोन मार्गारेट लेग यांची समाधी आहे. वनस्पती गोळा करायला आलेल्या या बाई १९३९ साली येथेच कड्यावरून घसरून मृत्यू पावल्या. पुढे त्यांच्या बहिणीने येऊन तो दगड बसवला. तेथवर जाऊन निवांत बसून येणाऱ्याला सकाळी सातला फाटकावर उभे राहावे लागते, आणि ते जमते घांघरियाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या सकाळीच, कारण पहिल्या सकाळी पाय दुखत असतात. तिसऱ्या रात्रीचे भाडे कित्येकांना वायफळ वाटते. एवढ्या लांबचा प्रवास केल्यावर त्या एका रात्रीत हात आखडता घेण्यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही.

आता राहिल्या आजी. कुटुंबांतला खरा पेच येथेच असतो, आणि तो बहुधा घरी न सोडवता गोविंदघाटच्या जीपतळावर, सामान हातात घेऊन, आवाज चढवून सोडवला जातो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. जोशीमठ त्याहूनही उंच आणि घांघरिया तर तीन हजार मीटरांच्या पुढे. त्या उंचीवर धाप लागते, झोप उडते, डोके दुखते. हवामान साफ असेल तेव्हा गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर जाते. पण पावसाळ्यात ते उडेलच याची हमी कोणी देत नाही, आणि काही मिनिटांत एवढी उंची गाठल्याने शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. खेचर घांघरियापर्यंत जाते, दरीत नाही. तेथे पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारे कंडीवाले मिळतात. खेचरावर बसण्यास ज्यांचे मन घेत नाही त्यांची गोष्ट वेगळी, आणि त्या ओझ्याने घसरत चढणारी जनावरे पाहिल्यावर ती गोष्ट समजण्यासारखी आहे.

आजींना जोशीमठच्या हॉटेलात एकट्या ठेवून इतरांनी तीन रात्री वर जाणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. घांघरियाहून फोन लागेलच असे नाही. वरच्यांचे लक्ष खाली, खालच्यांचे वर. बद्रीनाथ सुचवले जाते, कारण तेथे मोटार जाते आणि धर्मशाळा आहेत. पण त्याचीही उंची घांघरियाएवढीच, म्हणून श्वासाचा त्रास असणाऱ्याला तेथे ठेवून काही साधत नाही. डॉक्टरांनी उंची मना केली असेल तर कुटुंबातल्या एका जाणत्या माणसाने आजींबरोबर पीपलकोटीस राहावे. ते जोशीमठच्या अलीकडे, पुष्कळ खालच्या उंचीवर आहे, हवा सौम्य आहे. तो माणूस कोण, हे घर सोडण्यापूर्वी ठरावे, आणि दरवेळी ती सूनच असावी असा नियम नाही. डॉक्टरांची हरकत नसेल आणि आजींची इच्छा असेल तर त्यांना घांघरियाला न्यावे, दरीचा आग्रह धरू नये. देवदारांखाली खुर्ची टाकून समोरचा धबधबा पाहत, गुरुद्वाऱ्याचे कीर्तन ऐकत दोन दिवस आनंदात घालवणारी वृद्ध माणसे तेथे असतात. मात्र जोशीमठला आधी एक रात्र काढूनच वर चढावे, हे सहाही जणांसाठी आवश्यक आहे.

जोशीमठची ती एक रात्रही डोळे उघडे ठेवून निवडावी. हे शहर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, हे १९७६ मध्येच मिश्रा समितीने लिहून ठेवले होते. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले आणि एकमेकांवर कललेली दोन हॉटेले पाडावी लागली. खोली घेताना भिंती पाहाव्यात, इमारत कोणत्या भागात आहे हे विचारावे. विचारण्यात लाज नाही. गोविंदघाटला थांबायचे झाले तर नदीकाठची खोली, दृश्य कितीही सुंदर असले तरी, टाळावी. जून २०१३ च्या पुरात तेथला वाहनतळ, इमारती आणि पूल वाहून गेले, वरचे भ्यूंडार गाव उद्ध्वस्त झाले. मार्च २०२५ मध्ये दरड कोसळून तेथला मोटारपूल पुन्हा पडला. अलकनंदेचा आवाज रात्री गोड वाटतो, पण झोपायचे ते चार पायऱ्या वरच.

फुलांचा बहर आणि चातुर्मास एकाच वेळी येतात, ही काही घरांची अडचण आहे. त्यांना जूनचा उत्तरार्ध मोकळा असतो. तेव्हा वाटेत बर्फाचे पट्टे असतात, फुले नुकती सुरू झालेली असतात आणि घांघरियात खोली महिनाभर आधी ठरवावी लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गर्दी नसते, आकाश निरभ्र असते, फुले जवळजवळ संपलेली असतात पण गवत सोनेरी होते. दहा ऑक्टोबरच्या आसपास हेमकुंडाचे दरवाजे बंद झाले की हॉटेलवालेही आवराआवर करू लागतात, उद्यान महिनाअखेरपर्यंत उघडे असले तरी. त्या दिवसांत आधी चौकशी न करता गेलेल्यास खोली आहे पण स्वयंपाकी नाही, असे होते.

आगाऊ पैसे भरताना एक अट लेखी घ्यावी: दरड कोसळून रस्ता बंद झाला तर रक्कम परत मिळणार, की तारीख बदलून मिळणार, की दोन्ही नाही. पावसाळ्यात हा प्रश्न काल्पनिक नसतो. परतीच्या रेल्वेच्या आधी हरिद्वारला एक दिवस रिकामा ठेवला म्हणजे पीपलकोटीजवळ दरड पडली तरी गाडी चुकत नाही. दरड पडली नाही तर त्या दिवशी आजींना गंगेच्या काठी बसता येते.